बॅज उरतो, गाठ सुटते

स्काऊटने एखादे कौशल्य एकदा करून दाखवले आणि परीक्षकाने वहीत सही केली, की त्या कौशल्याविषयी त्याला पुन्हा विचारू नये, हा संकेत स्काऊट चळवळीत इतका रुळला आहे की त्याचे समर्थन करण्याची गरजही सहसा कोणाला वाटत नाही. अमेरिकेतील स्काऊट संघटनेच्या प्रगतीविषयक नियमावलीत तो स्पष्टपणे नोंदलेला आहे: वरची पायरी देण्यापूर्वी प्रौढांची समिती स्काऊटची जी मुलाखत घेते, तिला फेरपरीक्षेचे स्वरूप येता कामा नये, असे ती नियमावली बजावते. भारतात राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिरासारख्या टप्प्यावर मागील सोपानांतील, म्हणजे खालच्या पायऱ्यांतील, भाग विचारला जातो हे खरे. पण ही चाचणी आधी जाहीर झालेली असते, तिच्या तोंडावर घाईघाईने उजळणी उरकली जाते आणि शिबिर संपले की दोर, होकायंत्र आणि त्रिकोणी पट्टी पुन्हा शाळेच्या कपाटात जातात, त्यामुळे नियम निराळा असला तरी फळ तेच मिळते.

या संकेताची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे उथळ नाही, आणि ते नीट मांडल्याशिवाय त्याचा प्रतिवाद करणे योग्य होणार नाही. स्काऊटिंग ही शाळा नसून मुलांचा स्वेच्छेचा खेळ आहे, आणि सतत तपासले गेलेले मूल कंटाळून पथक सोडते. याउलट सुरुवातीलाच भराभर यश मिळाले तर त्याचा उत्साह टिकतो. शिवाय हाताने शिकलेली गोष्ट सायकलप्रमाणे आयुष्यभर विसरत नाही. आणि विसरली तरी बिघडत नाही, कारण गाठी, चूल, नकाशा ही निमित्ते असून चारित्र्याची घडण हा खरा हेतू आहे, असा हा युक्तिवाद आहे. यांतील प्रत्येक विधानात सत्याचा अंश आहे. तथापि शेवटची दोन विधाने एकमेकांना छेद देतात, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: कौशल्य विसरतच नसेल तर ते विसरल्याचे समर्थन शोधण्याचे कारण काय?

सायकलच्या दाखल्यापासूनच सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण सगळा भ्रम तेथेच दडलेला आहे. सायकल चालवणे किंवा पोहणे ही सलग चालणारी कौशल्ये आहेत. त्यांत प्रत्येक क्षणी शरीराला तोल कळतो, आणि चूक झाली तर ती त्याच क्षणी जाणवून पुढची हालचाल आपोआप दुरुस्त होते. बोलाईन बांधणे, मोडलेल्या हाताला खपची लावणे, नकाशा दिशेनुसार मांडून त्यावर स्वतःचे स्थान ठरवणे ही कामे वेगळ्या जातीची आहेत. (बोलाईन म्हणजे दोराच्या टोकाला ताण पडूनही न आवळणारा फास, जो माणसाला वर ओढून घेताना कमरेभोवती घालतात.) ही कृतींची साखळी असते, एक पायरी झाली म्हणून पुढची कोणती हे हात सांगत नाही, आणि मधली एखादी पायरी गळाली तरी ती गळाल्याची सूचना कोठूनही मिळत नाही. लष्करी आणि वैद्यकीय प्रशिक्षणाच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे की याच जातीची कौशल्ये वापराविना सर्वांत लवकर नाहीशी होतात. हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची जी क्रिया आहे, तिचे प्रशिक्षण घेतलेल्यांची सफाई तीन ते सहा महिन्यांतच लक्षणीय घसरते असे आढळल्यामुळे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत थोड्या थोड्या अवधीने छोटी पुनःप्रशिक्षणे घेण्यावर भर दिला. हे प्रशिक्षण घेणारे बहुतेक प्रौढ असतात. अकरा वर्षांच्या मुलाने जूनमध्ये एकदा बांधलेली गाठ मार्चमध्ये त्याच्या बोटांत शिल्लक असेल, हे गृहीत धरण्यास आधार कोणता, हे या पक्षाने कधी सांगितलेले नाही.

विस्मृतीचा वेग मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी केला आणि तो १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. स्वतः पाठ केलेल्या निरर्थक अक्षरगटांच्या याद्या काही काळाने पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो, हे त्यांनी मोजले. एका दिवसानंतर ही बचत सुमारे एक तृतीयांश आणि एका महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश उरली. निरर्थक अक्षरे आणि दोराची गाठ यांत फरक आहे, हा आक्षेप रास्त आहे, आणि या आकड्यांची टक्केवारी जशीच्या तशी स्काऊटच्या वहीला लावणे अशास्त्रीय ठरेल. परंतु त्या वक्ररेषेचा आकार लक्षात घेण्याजोगा आहे: घसरण सुरुवातीला उभ्या कड्यासारखी असते आणि मग मंदावते. याचा अर्थ असा की शिकवल्याच्या दिवशी घेतलेली परीक्षा ही कौशल्याचे मोजमाप करण्याची सर्वांत वाईट वेळ होय, आणि बहुसंख्य पथकांत परीक्षा नेमकी त्याच दिवशी होते. स्काऊट मास्तर गाठ दाखवतात, मुले ती बांधतात, आणि तास संपण्यापूर्वी सही होते.

येथे मानसशास्त्रातील एक भेद समजून घेतला पाहिजे. रॉबर्ट बिऑर्क या अमेरिकन अभ्यासकाने सरावाच्या वेळची कामगिरी आणि प्रत्यक्ष झालेले शिक्षण या दोन स्वतंत्र गोष्टी असल्याचे आग्रहाने मांडले आहे. सराव करताना जे सहज जमते ते पुढे टिकेलच असे नाही, आणि सरावाला थोडा अवघड करणारी परिस्थिती बहुधा शिक्षण पक्के करते. या प्रतिपादनाला पाठबळ देणारा एक प्रयोग हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५ टक्के असे. पण आठवड्यानंतर चित्र उलटले आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्क्यांपुढे त्यांचे ४२ टक्केच उरले. आठवण्याचा प्रयत्न हेच स्मरण पक्के करणारे काम आहे, असा याचा निष्कर्ष आहे. फेरतपासणीला विरोध करणारे तिच्याकडे केवळ मोजपट्टी म्हणून पाहतात. प्रत्यक्षात फेरतपासणी हाच शिकवण्याचा सर्वांत परिणामकारक भाग असतो, आणि तिला मनाई करणे म्हणजे मुलाला त्याच्या शिक्षणाच्या उत्तरार्धापासून वंचित ठेवणे होय.

सरावाच्या वाटपाविषयीचा पुरावाही तितकाच बोलका आहे. ब्रिटिश टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवण्याच्या वेगवेगळ्या वेळापत्रकांची तुलना ॲलन बॅडली आणि डी. जे. ए. लॉंगमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसाला एकच तास सराव करणाऱ्यांना कळफलक आत्मसात करायला सुमारे ३५ तास पुरले, तर दिवसातून दोनदा दोन-दोन तास बसणाऱ्यांना त्यासाठी सुमारे ५० तास लागले. या अभ्यासातील सर्वांत उपयुक्त निरीक्षण मात्र वेगळेच आहे: कमी तासांत शिकलेला हा गटच आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाखूश होता, कारण दिवसांच्या हिशेबात आपली प्रगती संथ आहे असे त्याला वाटत होते. दोन दिवसांच्या निवासी शिबिरात एका बैठकीत सात गाठी 'पूर्ण' करून घेणाऱ्या प्रशिक्षकाला आणि मुलांना मिळणारे समाधान किती फसवे असते, याचे यापेक्षा नेमके स्पष्टीकरण सापडणे कठीण. मुले खूश होती, हा स्काऊट वर्तुळात हमखास दिला जाणारा पुरावा शिक्षणाविषयी काहीही सिद्ध करत नाही.

लवकर यश मिळाले की मुले टिकतात, या दुसऱ्या विधानाची परीक्षा इतिहासात झालेली आहे. अमेरिकेच्या संघटनेने १९७२ मध्ये आपला अभ्यासक्रम आमूलाग्र बदलला. शहरी मुलांना रानावनातील कौशल्ये कालबाह्य वाटतात असे मानून ती ऐच्छिक केली, आणि ईगल या सर्वोच्च पदासाठी मुक्कामी शिबिराचा बॅजही सक्तीचा राहिला नाही. त्या दशकात संघटनेची सदस्यसंख्या झपाट्याने घसरली. या घसरणीला इतर कारणेही होती, आणि ती सगळी नव्या अभ्यासक्रमाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु कौशल्यांचा भार उतरवला की मुले ओढीने येतील ही अपेक्षा फोल ठरली, एवढे निर्विवाद आहे. शेवटी निवृत्त झालेले विल्यम हिलकोर्ट, डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि हयात स्काऊटिंगला वाहिलेले लेखक, पुढे आले, त्यांनी मोबदल्याविना नवे हस्तपुस्तक लिहिले आणि १९७९ च्या त्या आवृत्तीने रान, तंबू आणि चूल यांना पुन्हा मध्यवर्ती स्थान दिले.

यातून धडा घेतला गेला असे मात्र दिसत नाही. १९८९ मध्ये त्याच संघटनेने 'फर्स्ट क्लास, फर्स्ट इयर' हे धोरण आणले. नव्या स्काऊटने पहिल्या वर्षभरात फर्स्ट क्लास ही पायरी गाठावी, म्हणजे बाहेरच्या जीवनाची सर्व मूलभूत कौशल्ये उत्तीर्ण करावीत, असा त्याचा आशय होता. त्यामागचा तर्क असा की पहिल्या वर्षात ही पायरी गाठणारी मुले पुढे अधिक काळ पथकात राहतात. या तर्कातील दोष आकडेमोडीचा नाही, कार्यकारणभावाचा आहे. ज्या पथकात दर महिन्याला पदभ्रमण होते, मुक्काम होतात, मोठी मुले लहानांना सोबत घेतात, त्या पथकातील मुले लवकर वर चढतात आणि टिकतातही. दोन्हींचे कारण पथकाचे जिवंतपण हे असते. त्यातील वेग तेवढा उचलून तो मरगळलेल्या पथकाला लावला, तर सह्या वेगाने होतील, पण ज्या कारणाने मुले टिकत होती ते कारण तेथे निर्माण होणार नाही. बारा वर्षांच्या मुलाला हे कळत नाही असे समजणे ही प्रौढांची चूक आहे. आपल्याला गाठ येत नाही आणि तरी छातीवर तिचा बॅज आहे, हे त्याला पक्के माहीत असते, आणि अशा बॅजची किंमत तो स्वतःच्या मनात ताबडतोब ठरवून टाकतो.

या वादात स्काऊटिंगचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा हवाला सतत दिला जातो. प्रावीण्य बॅजच्या बाबतीत त्यांनी ठराविक दर्जापेक्षा मुलाने केलेल्या प्रयत्नाला महत्त्व दिले होते, आणि स्काऊट मास्तरांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात ते स्पष्टपणे मांडले आहे, हे नाकारता येत नाही. तथापि प्रावीण्य बॅज म्हणजे छायाचित्रण, सुतारकाम, पक्षिनिरीक्षण अशा आवडीच्या विषयांची उत्तेजने. मागे पडलेल्या मुलालाही कशात तरी गोडी लागावी म्हणून त्यांची योजना होती. पथकाच्या पायाभूत कौशल्यांबाबत बेडन-पॉवेल यांच्या कसोट्या तपासल्या तर प्रयत्नाला गुण देणारा हा उदार परीक्षक कोठेही भेटत नाही. १९०८ मध्ये पाक्षिक भागांतून प्रसिद्ध झालेल्या 'स्काऊटिंग फॉर बॉइज' या पुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतील सेकंड क्लासच्या कसोटीत दोनपेक्षा अधिक काड्या न वापरता विस्तव पेटवायचा होता. पाव पौंड मांस आणि दोन बटाटे एवढा शिधा एका डब्याखेरीज दुसरे भांडे न घेता शिजवायचा होता. निरीक्षणाच्या कसोटीचा एक पर्याय म्हणून, किपलिंगच्या कादंबरीवरून नाव घेतलेल्या 'किमच्या खेळा'त एक मिनिट पाहिलेल्या २४ वस्तूंपैकी १६ सांगायच्या होत्या. फर्स्ट क्लाससाठी एकट्याने किंवा एका जोडीदारासह सात मैलांवरच्या ठिकाणी पायी जाऊन परत यायचे आणि प्रवासाचा अहवाल लिहायचा, अशी अट होती. तिसरी काडी लागली तर विस्तव पेटला असे मानायचे नाही. यात प्रयत्नाचे कौतुक होते, पण सही नव्हती.

त्याच फर्स्ट क्लासच्या यादीत एक अट अशी होती जिच्याकडे आज जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही: उमेदवाराने स्वतः तयार केलेला एक नवखा मुलगा, प्रवेशाच्या कसोटीला लागणाऱ्या सर्व गोष्टी शिकवून, सोबत आणायचा. प्रयोगशाळांनी पुढे सिद्ध केलेले बरेच काही या एका अटीत सामावले आहे. दुसऱ्याला शिकवायचे तर स्वतःला आठवावे लागते, तेही काही महिन्यांच्या अंतराने. समोरच्याच्या चुका पाहून पायऱ्यांचा क्रम का तसा आहे हे कळते. आणि या सगळ्यात परीक्षेचा वासही नसतो. फेरतपासणी म्हणजे मुलांवर लादलेली परीक्षा, असे मानणाऱ्यांनी ही अट विचारात घ्यावी. संस्थापकाने फेरतपासणी केली होती. तिला जबाबदारीचे रूप दिल्यामुळे ती कोणाला खुपली नाही.

महाराष्ट्रातील परिस्थितीकडे वळले की प्रश्न अधिक टोकदार होतो. भारतातील विविध स्काऊट संघटनांच्या एकीकरणातून ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली, आणि तिच्या रचनेत प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे. चढण नीट विचारपूर्वक आखलेली आहे. दोष तिच्या अंमलबजावणीत आहे. येथील पथक जवळजवळ नेहमीच शाळेला जोडलेले असते, स्काऊट मास्तर हे गणित किंवा शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असतात आणि पथकाच्या वाट्याला वेळापत्रकातील एखादा तास येतो. शालान्त परीक्षेत पुरस्कारांना सवलतीचे गुण जोडले गेल्याने पालकांचे लक्ष साहजिकच प्रमाणपत्राकडे वळते. वर्षातील सर्वांत गाजणारा उपक्रम म्हणजे 'खरी कमाई', ज्यात मुले मैदानात भेळ आणि वड्यांचे ठेले लावून स्वकष्टाचे चार पैसे मिळवतात. उपक्रम चांगला आहे, त्यात मुले हिशेबही शिकतात. पण चळवळीचे वार्षिक दर्शन जर कढईपाशीच होणार असेल, तर ती कढई निदान मुलांनी स्वतः पेटवलेल्या चुलीवर असावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

पुस्तकातून आलेली कौशल्ये येथील भूमीवर आणि हवामानात तपासली जात नाहीत, हा याहून गंभीर दोष आहे. दिशा ओळखण्यासाठी ध्रुवतारा पाहावा हे प्रत्येक स्काऊटला तोंडपाठ असते. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढी असते. म्हणून लंडनमध्ये तो एकावन्न अंशांहून वर, आकाशाच्या मधल्या भागात दिसतो, तर पुण्यात जेमतेम साडेअठरा अंशांवर, आणि उत्तरेला डोंगराची सोंड आडवी आली तर दिसतच नाही. पावसाळ्यातील ढगाळ रात्री धरल्या तर वर्षाचा तिसरा हिस्सा तो बहुधा गायबच असतो. सह्याद्रीतील काळा कातळ बेसाल्टचा आहे आणि त्यात चुंबकीय खनिजे असतात, त्यामुळे होकायंत्र खडकावर टेकवून वाचन घेतले तर सुई भलतीकडे वळू शकते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. पंधरा मीटरचा उभा कडा त्या दोन रेषांच्या मध्ये संपूर्ण लपू शकतो, आणि सह्याद्रीत असे कडे पदोपदी आहेत. वर्गात नकाशाच्या खुणा ओळखून मिळवलेली सही यांपैकी एकाही प्रसंगाची तयारी करून घेत नाही.

कौशल्य ज्या परिस्थितीत शिकले तिलाच ते चिकटून बसते, आणि परिस्थिती बदलत सराव केला तर सुटे होते, हे लहान मुलांच्या बाबतीतही दिसून आले आहे. रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांच्या १९७८ च्या प्रयोगात आठ वर्षांच्या मुलांच्या एका गटाने छोटी पिशवी तीन फुटांवरच्या लक्ष्यावर टाकण्याचा सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवर केला, तीन फुटांवर कधीच नाही. तरी अखेरीस तीन फुटांच्या चाचणीत दुसरा गट सरस ठरला. गाठीच्या बाबतीत याचा अर्थ उघड आहे. जाड सुती दोरावर, उजेडात, टेबलाशी बसून शिकलेली बोलाईन ओल्या नायलॉनच्या दोरीवर, अंधारात, स्वतःच्याच कमरेभोवती बांधता आली तरच ती आली असे म्हणावे. रीफ नॉटचे उदाहरण तर शिकवण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवते. ही दोन टोके एकमेकांत अडकवून बांधायची सपाट गाठ पट्टी किंवा गठ्ठा आवळण्यासाठी उत्तम आहे, पण भार पेलणारे दोन दोर जोडण्यासाठी धोकादायक, कारण एक टोक ओढले गेले की ती उलटून निसटते. गाठींचा महाकोश रचणारे क्लिफर्ड ॲशली यांनी १९४४ मधील आपल्या ग्रंथात दोर जोडण्यासाठी ती वापरण्याविरुद्ध अत्यंत कडक इशारा दिला आहे. गाठ केवळ आकार म्हणून पाठ केली, तर ती कोठे वापरू नये हे ज्ञान सर्वांत आधी गळते, आणि नेमके तेच जीव वाचवणारे असते.

मग शिक्षकाजवळ वेळ कोठे आहे, हा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. परंतु वर सांगितलेल्या पुराव्याचा रोख वेळ वाढवण्याकडे नाही, असलेल्या वेळेची वाटणी बदलण्याकडे आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दीड तासाच्या एका बैठकीत सात गाठी शिकवण्याऐवजी दोन शिकवाव्यात, सही करू नये; पंधरवड्याने कोणतीही सूचना न देता, पुन्हा न दाखवता, मुलांना त्या आठवून बांधायला लावाव्यात, चुकू द्याव्यात; श्रावणात मैदानावर ताडपत्री ताणताना त्या लागतील अशी योजना करावी; दिवाळीनंतरच्या मुक्कामात तंबू मुद्दाम अंधार पडल्यावर उभारावा; आणि सही त्यानंतर, स्काऊटने एका नव्या मुलाला त्या शिकवल्यावर व्हावी. विस्तवाचेही तसेच: कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात आग पेटवण्यास बंदी आहे आणि ती पाळलीच पाहिजे, पण जुलैच्या पावसात शाळेच्या आवारात ओले लाकूड फोडून आतला कोरडा गाभा काढण्याला आणि मोजक्या काड्यांत चूल पेटवण्याला कोणाची मनाई नाही.

हे एकट्या शिक्षकाने तीस मुलांवर लक्ष ठेवून करायचे नसते. त्यासाठीच संघपद्धती आहे. मोजक्या मुलांचा संघ आणि त्यांच्यातलाच एक संघनायक ही रचना बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावरील पहिल्या शिबिरापासून वापरली, आणि पहिल्या महायुद्धातील सॉमच्या लढाईत १९१६ साली मारले गेलेले रोलंड फिलिप्स यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. संघनायकाला आपल्या संघातील कोणाला काय येते आणि काय सुटले आहे हे प्रौढांपेक्षा अधिक ठाऊक असते, आणि त्याच्या हाती दर आठवड्याची दहा मिनिटे दिली तर वर्षअखेरीस ती कोणत्याही शिबिराहून जड भरतात. महाराष्ट्रातील अनेक पथकांत संघनायक हे पद संचलनात पुढे उभे राहण्यापुरते उरले आहे, हे या चळवळीचे मोठे नुकसान आहे.

भ्रमणध्वनीवर नकाशा असताना होकायंत्र कशाला, या आक्षेपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. दरीत संपर्क नसतो, थंडीत आणि पावसात बॅटरी उतरते, आणि पडद्यावरचा निळा ठिपका स्वतःचे स्थान सांगतो, पुढच्या कड्याची उंची सांगत नाही.

दिलेला बॅज काढून घेणे अन्यायकारक आहे, हा आक्षेप मात्र उत्तर देण्यास पात्र आहे. बॅज काढून घ्यावा असे कोणी म्हणत नाही. मिळवलेल्या गोष्टीची खूण मुलाच्या अंगावर राहू द्यावी, पण जबाबदारी सध्याच्या क्षमतेशी जोडावी, ही व्यवस्था जगात अन्यत्र रूढ आहे. विमानचालकाचा परवाना कायम असतो, तरी मागील ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केलेली नसतील तर त्याला प्रवासी घेऊन जाता येत नाही. यात परवान्याचा अपमान झाला असे कोणाला वाटत नाही. तृतीय सोपान झालेल्या स्काऊटने पदभ्रमणाचे नेतृत्व करण्यापूर्वी त्या महिन्यात नकाशा आणि प्रथमोपचार पुन्हा करून दाखवावेत, अशी अट घातली तर तिचाही अपमान वाटण्याचे कारण नाही. उलट ही अट मुलाला सांगते की त्याचे कौशल्य कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहे.

चारित्र्यघडणीचा युक्तिवाद येथेच निकालात निघतो. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी १९१८ मध्ये सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली, तेव्हा भारतीय मुलांना या चळवळीत सन्मानाने स्थान मिळावे आणि ती मुले समाजाच्या उपयोगी पडावीत हा हेतू होता. उपयोगी पडणे ही नुसती इच्छा नसते. यात्रेच्या गर्दीत भोवळ येऊन पडलेल्या आणि जखमी झालेल्या माणसापाशी मुलगा धावत गेला आणि पट्टी कशी बांधायची हे त्याला आठवले नाही, तर त्याच्या सदिच्छेने त्या माणसाचे रक्त थांबत नाही. 'तयार राहा' हे बोधवाक्य भूतकाळातील तयारीविषयी काही म्हणत नाही. जे येत नाही ते येते असे मुलाने छातीवर मिरवावे, ही सवय चारित्र्य घडवते असे मानायचे असेल, तर चारित्र्य या शब्दाचा अर्थ आधी बदलावा लागेल.

जिल्हा संघटक आणि प्रशिक्षण आयुक्त यांच्या हाती एक बदल कोणत्याही नव्या नियमाविना, कोणत्याही खर्चाविना करण्याजोगा आहे. राज्य पुरस्काराच्या पुढील चाचणी शिबिरात पहिल्याच रात्री, जेवणानंतर, आधी न सांगता प्रत्येक उमेदवाराच्या हाती एक ओली दोरी द्यावी, दिवे मालवावेत आणि प्रथम सोपानातील बोलाईन स्वतःच्या कमरेभोवती बांधायला सांगावे. ज्यांना ती बांधता येणार नाही त्यांना नापास करू नये, पण किती जणांना ती आली नाही हा आकडा शिबिराच्या अहवालात लिहावा आणि तो प्रत्येक शाळेला कळवावा.